क्लच सेट नवा, तरी गाडी स्लिप मारते

नवा क्लच सेट टाकलेली गाडी स्लिप मारायला लागली की मालक म्हणतो, प्लेट डुप्लिकेट निघाली. ज्याने काम केलं तो म्हणतो, "चालवा की जरा, बसंल हळूहळू." आमच्या पाहण्यात दोन्ही बोलणी बहुतेक वेळा चुकीचीच ठरली आहेत. नव्या लायनरला (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराला) फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चकतीवर, बसायला थोडं अंतर लागतं, हे खरं. पण त्या काळात फार तर किंचित वास येतो, एखादा बारीक धक्का जाणवतो. चढाला इंजिन ओरडतंय आणि गाडी उचलत नाही, ही 'बसण्याची' लक्षणं नव्हेत. अशी प्लेट बसत नसते, जळत असते.

ज्या वॅगन आरमुळे हे लिहायला घेतलं, तिला एक लिटरचं पेट्रोल इंजिन आणि केबलचा क्लच आहे. क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट दुसऱ्या गॅरेजात टाकून झालेला. कोल्हापुरात फिरताना गाडी ठीक. पण वाघबीळ सोडून पन्हाळ्याच्या चढाला लागली की तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा वर आणि स्पीडचा काटा जिथल्या तिथे. वर पोहोचेपर्यंत करपल्याचा वास.

गावात ठीक आणि घाटात नाही, याचं कारण साधं आहे. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क ९० न्यूटन मीटर, तोही ३,५०० आरपीएमला. रंकाळ्यावरून घरी जाताना याच्या निम्मासुद्धा वापरला जात नाही. चढाला वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की सगळा टॉर्क प्लेटवर येतो. क्लचची पकड कमी झालेली असली तर ती पहिल्यांदा इथे उघडी पडते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी लगेच पुढे पळते, त्यामुळे प्लेटला घसरायला फारसा वाव राहत नाही. म्हणून क्लच तपासायचा तर नेहमी चौथ्यात. पहिल्यात गाडी उडवून बघून काही कळत नाही.

ही तपासणी अंदाजाने करू नका, आकड्यावर करा. क्लच घट्ट असेल तर एका गिअरमध्ये आरपीएम आणि स्पीड यांचं प्रमाण कधी बदलत नाही. चौथ्यात ४० ला १,६०० दिसत असतील तर ६० ला २,४०० च दिसले पाहिजेत, मग चढ असो वा सपाट. टॅकोमीटर नसेल तर ओबीडीचं (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं) छोटं ब्लूटूथ यंत्र लावून मोबाईलवर दोन्ही आकडे एकत्र बघता येतात. सपाटीला हलक्या पायाने प्रमाण काढून ठेवायचं, मग चढाला ४० वर चौथ्यात पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा. आरपीएम त्या प्रमाणाच्या पुढे निघून गेला की स्लिप पक्की. शेजारी एक माणूस आकडे वाचायला हवा, चालवणाऱ्याने रस्ता बघायचा. हँडब्रेक ओढून तिसऱ्यात क्लच सोडायची जुनी पद्धतही आहे. इंजिन झटक्यात बंद पडलं तर क्लच बरा, गुरगुरत चालू राहिलं तर गेलेला. पण ती एकदाच करायची. चारदा केली तर चांगली प्लेटही करपेल.

या गाडीत स्लिप होती, आणि गाडी गरम झाली की वाढत होती. शिवाय चालू करून उचलताना किंचित थरथर. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आमचा संशय तेलाकडे जातो. पण गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी फुकटात बघण्यासारखं बरंच असतं.

पहिलं, पेडलचा फ्री प्ले. इंजिन बंद ठेवून पेडलशेजारी स्टीलपट्टी उभी धरायची आणि पेडल हाताने, पायाने नव्हे, हलकं दाबायचं. जोर लागायला सुरुवात होईपर्यंत पेडल जेवढं खाली जातं तो फ्री प्ले. मारुतीच्या केबलवाल्या छोट्या गाड्यांना तो साधारण १५ ते २५ मि.मी. हवा, आणि गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपाशी २ ते ४ मि.मी. या गाडीत तो जवळपास शून्य होता. लिव्हर बोटाने हलवला तर हलतच नव्हता. म्हणजे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांना (तिच्या स्प्रिंगच्या मधल्या टोकांना) कायम टेकलेलं, चालकाने पेडलवर सतत थोडा पाय ठेवावा तसं.

हे नव्या सेटच्या गाड्यांत वारंवार होतं आणि त्याला गिऱ्हाईकही थोडं जबाबदार असतं. नवा सेट टाकला की पाकळ्या फ्लायव्हीलच्या बाजूला जातात, पेडलमध्ये ढिलाई वाढते, केबल थोडी ओढावी लागते. मालक म्हणतो, "मिस्त्री, क्लच लई खाली पकडतोय, जरा वर घ्या." मिस्त्री नट फिरवत राहतो. त्या दिवशी गाडी छान चालते. पुढे लायनर थोडं झिजलं की पाकळ्या बेअरिंगकडे सरकतात, उरलासुरला प्लेही खाऊन टाकतात आणि स्लिप सुरू. दुरुस्तीनंतर लगेच नाही, थोडे किलोमीटर झाल्यावर स्लिप येते ती बऱ्याचदा यामुळे.

केबलचा लॉकनट ढिला करून ॲडजस्टिंग नट हाताने मागे घेतला, लिव्हरला ३ मि.मी. ढिलाई दिली, पेडल दहा-पंधरा वेळा पूर्ण दाबून सोडलं आणि परत मोजलं. परत मोजायचंच, कारण केबलचं आवरण फायरवॉलच्या रबरात नीट बसलेलं नसेल तर पहिल्या काही दाबांत ते जागेवर जातं आणि माप बदलतं. त्याच वेळी केबलचा मार्ग बघायचा. गिअरबॉक्स उतरवताना केबल बाजूला बांधतात आणि परत लावताना ती कधी बॅटरी ट्रेखाली दबते, कधी पिळते. आतली तार अडकून मागे आली नाही तर मापात प्ले असूनही चालताना तो उरत नाही. पेडल वर आल्यावर लिव्हर खरोखर पूर्ण मागे येतो का, हे कुणाला तरी आत बसवून डोळ्यांनी बघा. शेवटी रिव्हर्सची परीक्षा. इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबायचं, मग रिव्हर्स टाकायचा. खरखरला नाही म्हणजे ढिलाई जास्तही झालेली नाही.

प्ले दिल्यावर स्लिप कमी झाली, गेली नाही. ४० च्या आसपास आकडे जुळायला लागले, पण चढाला ३,००० च्या वर गेलं की अजून सुटत होते. इथे पुष्कळजण थांबतात आणि गाडी परत देऊन टाकतात. आम्ही बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या, तळाला हात लावला.

तिथे एक छोटं भोक किंवा फट असते. आत तेल साचलं तर बाहेर पडावं म्हणूनच ती दिलेली असते. त्यात बोट फिरवून जे लागेल त्याचा वास घ्यायचा. इंजिन ऑइल काळं, पातळ, जळकट वासाचं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, एकदा हुंगला की विसरत नाही. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत ब्रेक फ्लुइड असेल तर ते पाण्यासारखं पातळ आणि रंग सोडवणारं. इथे इंजिन ऑइल निघालं. पण ते क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या) मागच्या सीलचंच, असं लगेच धरू नये. हेड कव्हरच्या पॅकिंगमधून मागच्या बाजूला झिरपलेलं तेलही ब्लॉकवरून ओघळत बेल हाउसिंगपर्यंत जातं आणि सील बदलूनही गळती तशीच राहते. मागची बाजू धुऊन, कोरडी करून त्यावर टाल्कम पावडर उडवली आणि गाडी गरम होईपर्यंत चालू ठेवली. पावडर वरून कोरडीच राहिली. म्हणजे तेल आतूनच येत होतं.

आता मालकाला एकच विचारलं: जुनी प्लेट परत घेतली होती का? घेतली होती, डिकीत पोत्यात पडून होती. या एका गोष्टीने निम्मं काम केलं. कुठल्याही क्लचच्या कामात जुने भाग मागून घ्या, भंगारात पन्नास रुपये येतील म्हणून नव्हे, तर नेमकं काय बिघडलं होतं ते त्यांच्यावर उमटलेलं असतं म्हणून. लायनरच्या पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली व्हर्नियरच्या मागच्या काडीने मोजतात. नव्या प्लेटला ती साधारण १.२ मि.मी. असते आणि ०.५ ला आली की प्लेट बाद. या जुन्या प्लेटवर अजून ०.८ च्या वर शिल्लक होती. झिजून गेलेली प्लेट नव्हतीच ती. तिची फ्लायव्हीलकडची बाजू काळी, आरशासारखी चकचकीत, आणि हबपासून (प्लेटच्या मधल्या दातेरी भागापासून) कडेकडे गेलेल्या तेलाच्या रेघा. प्रेशर प्लेटकडची बाजू जवळजवळ कोरडी.

म्हणजे पहिल्यांदा क्लच गेला तोच तेलाने. सेट बदलला, तेल तसंच राहिलं, आणि नवी प्लेट जुनीच्याच वाटेने निघाली. त्यावर केबल ताणलेली, म्हणून हे आणखी लवकर झालं.

कुठली बाजू ओली हे बघणं फार उपयोगाचं आहे. फ्लायव्हीलकडची बाजू ओली तर तेल क्रँकच्या मागच्या सीलमधून किंवा फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या आट्यांतून. प्रेशर प्लेटकडची ओली आणि गंधकाचा वास, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. दोन्ही बाजूंना हबच्या भोवतीच ठिपक्या-ठिपक्यांनी चिकट डाग, तर कुणीतरी स्प्लाइनला (शाफ्टवरच्या लांबट दातांना) ढीगभर ग्रीस थापलंय आणि ते फेकलं गेलंय. दोन्ही बाजू कोरड्या पण निळसर-तपकिरी करपलेल्या, तर तेल नाही. दाब कमी पडला किंवा पाय पेडलवर होता. लायनरवर फक्त बाहेरचा पट्टा घासलेला, आतला भाग नवा कोरा, तर फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट सपाट नाही.

गिअरबॉक्स उतरवण्याचं वर्णन लांबवत नाही. बॅटरीची निगेटिव्ह आधी, मग एअर फिल्टरचा डबा, गिअर आणि क्लच केबल, रिव्हर्स स्विच, सेन्सरची वायर, स्टार्टर. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), जॅकच्या भरवशावर अजिबात नाही. गिअर ऑइल काढल्यावरच ड्राइव्ह शाफ्ट ओढायचे. इंजिनाला खालून सपाट लाकडी ठोकळ्यावर आधार द्यायचा, नाहीतर तेलाचं चेंबर चेपतं. दोन सवयीच्या माणसांना अर्ध्या दिवसाचं काम. बेल हाउसिंगमधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

प्रेशर प्लेट उतरवल्यावर जुन्या प्लेटवरचंच चित्र नव्या प्लेटवर होतं, फक्त ताजं. फ्लायव्हील काढलं. सीलचा खालचा कोपरा ओला, बोल्टांच्या आट्या कोरड्या. सीलचा ओठ नखाने दाबला तर वाकेना, कडक झालेला. मागच्या कामात ते बदललंच नव्हतं. एवढा गिअरबॉक्स खाली आलेला असताना सील न बदलणं ही आमच्या मते कंजुषी नाही, आळस आहे. सील स्वस्त असतं, महाग असतं ते तिथपर्यंत पोहोचणं.

नवं सील बसवताना घाई नको. क्रँकवर जुन्या ओठाने खाच पाडलेली असेल तर नवा ओठ त्याच खाचेत बसतो आणि पुन्हा गळतो. अशा वेळी हाउसिंगमध्ये जागा असेल तर सील मूळ खोलीपेक्षा एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर चालतो. रबरी ओठाच्या सीलला ओठावर इंजिन ऑइलचा हात. टेफ्लॉन ओठाचं सील मात्र कोरडंच लावतात, त्याला तेल लावलं तर ते बिघडतं. पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचा. सील सगळीकडून सारखं आत जायला हवं. एका बाजूने हातोडी मारून तिरकं घुसवलेलं सील पहिल्या आठवड्यातच बोलतं. फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं काही इंजिनांत आरपार क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या पोकळीत) निघतात, तिथे आट्यांना सीलंट लागतो. बोल्ट कोनात (ठरलेले अंश फिरवून) घट्ट करायचे असतील तर नवेच वापरा.

पण सील कडक होऊन गळलं एवढ्यावर आमचं समाधान झालं नाही. क्रँककेसमध्ये वायूंचा दाब साठला तर चांगलं सीलही तेल बाहेर ढकलतं. हा दाब काढून इनटेककडे नेण्यासाठी पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. आयडलवर तो हेड कव्हरमधून काढून, होस जोडलेला ठेवून, तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवायला हवी आणि हलवला तर आत खुळखुळला पाहिजे. इथला व्हॉल्व्ह चिकट गाळाने बुजलेला, ना ओढ ना खुळखुळ. ऑइलच्या झाकणाच्या तोंडावर कागद धरला तर आत ओढला जाण्याऐवजी उडत होता. व्हॉल्व्ह नवा टाकला, होस साफ केला आणि मग कागद किंचित आत ओढला जाऊ लागला. व्हॉल्व्ह नवा घालूनही कागद उडतच राहिला तर पिस्टन रिंगा झिजल्यात असं समजा, आणि मग क्लचचं काम हे त्या इंजिनाचं शेवटचं खर्चाचं काम नसणार. डिपस्टिकही बघून घ्या. वरच्या खुणेच्या पुढे भरलेलं तेलसुद्धा सीलवर ताण आणतं.

आता फ्लायव्हील. चेहऱ्यावर निळे डाग आणि केसाएवढ्या बारीक चिरा होत्या. डागाची जागा उष्णतेने कडक झालेली असते, म्हणून लेथवर फेसिंग मारताना कटर त्या डागावरून उडी घेतो आणि तिथे उंचवटा राहतो. डोळ्याला सपाट दिसतं, प्लेटला लागतं. म्हणून फ्लायव्हील सरफेस ग्राइंडिंगला द्यावं. शिवाजी उद्यमनगरात याची सोय शोधावी लागत नाही. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून बिडाचं काम करणारी वस्ती ती. फ्लायव्हील टेबलावर ठेवलं की बिडाची जात ओळखून कुठला दगड लावायचा ते सांगणारी माणसं तिथे आहेत. सांगायचं एवढंच: चिरा जाईपर्यंतच काढा, अर्धा मिलिमीटरच्या आत निभत असेल तर उत्तम. चिरा खोल निघाल्या तर फ्लायव्हील बदला.

आणि ग्राइंडिंगच्या आधी फ्लायव्हील सपाट जातीचं आहे की पायरीचं, हे बघायलाच हवं. काही फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट बोल्ट होते ती कड आणि लायनर घासतं ती पातळी यांत पायरी असते. घासण्याचा भाग अर्धा मिलिमीटर खाली गेला आणि कड तशीच राहिली, तर प्रेशर प्लेटच्या पाकळ्या तेवढ्या कमी ताणल्या जातात, दाब घटतो आणि सगळं नवं असूनही स्लिप. पायरी असली तर कडही तेवढीच उतरवायची, पायरीची उंची मुळाइतकीच राहिली पाहिजे. फेसिंग मारून आल्यावर सुरू झालेल्या स्लिपमागे हे कारण असू शकतं, आणि बाहेरून ते कधीच सापडत नाही. परत बसवल्यावर डायल गेज लावून फ्लायव्हीलचा आउट (फिरताना होणारी लचक) बघा. ०.२ मि.मी. च्या वर असेल तर क्रँकच्या फ्लँजवर कचरा राहिलाय का ते आधी तपासा.

तेल प्यालेली प्लेट पेट्रोलमध्ये धुऊन, गॅसवर भाजून परत लावायचा प्रकार आजही चालतो. भाजल्यावर वरचं तेल जातं, लायनरच्या छिद्रांत मुरलेलं तेल मात्र चालताना गरम झालं की पुन्हा वर येतं. कोरड्या लायनरचा घर्षणांक साधारण ०.३ च्या आसपास असतो आणि तेलाने तो निम्म्याच्याही खाली येतो, तेव्हा प्लेट नवीच. प्रेशर प्लेट मात्र नवी होती आणि चेहरा न करपलेला, ती ठेवली.

नवी प्लेट विकत घेताना जुनीच्या अंगावर ठेवून बघायची: बाहेरचा व्यास, स्प्लाइनचे दात, हबची उंची. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार व्यास बदलतो. १० मि.मी. लहान प्लेट सुखाने बसते, फक्त चढाला पकडत नाही.

बसवण्यात हात स्वच्छ हवेत, हे ऐकायला साधं वाटतं, पण गॅरेजात नेमकं तेच राहून जातं. नव्या प्रेशर प्लेटवर गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ थर येतो. तो ब्रेक क्लीनरने पुसलाच पाहिजे, फ्लायव्हीलही तसंच. रॉकेल किंवा डिझेलने पुसू नका, ते स्वतःच थर सोडतं. कॉटन वेस्टचे धागे राहतात, जुन्या बनियनचं कापड बरं. प्लेट कडेला धरायची, लायनरवर बोटं नाहीत. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला मुगाएवढं मॉलिब्डेनम ग्रीस, प्लेट त्यावर पुढे-मागे सरकवायची, बाहेर आलेलं सगळं पुसून टाकायचं. प्लेटवर 'फ्लायव्हील साइड' असं कोरलेलं असेल ती बाजू फ्लायव्हीलकडे. कोरलेलं नसेल तर बहुतेक गाड्यांत स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे येतो. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो.

प्लेटचं सेंटरिंग (मधोमध बसवणं) डमी शाफ्टने. प्रेशर प्लेट डॉवेल पिनांवर नीट बसली की बोल्ट समोरासमोर, दोन-दोन आटे करत ओढायचे. एका बाजूने पूर्ण आवळत गेलं तर कव्हर वाकतं आणि दाब एकीकडे कमी पडतो. शेवटी टॉर्क रेंच, या गाड्यांना साधारण २३ न्यूटन मीटर. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभरही हबवर लोंबकळू द्यायचं नाही. हब वाकला की क्लच सुटत नाही आणि गाडी थरथरते. एकाने जॅकवर उंची धरायची, दुसऱ्याने ढकलायचं. बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून आणायचा नाही. हाताने शेवटच्या मिलिमीटरपर्यंत टेकला पाहिजे. इनपुट शाफ्टचं सीलही याच वेळी बदललं. ड्राइव्ह शाफ्ट बसल्यावर गिअर ऑइल लेव्हल प्लगमधून ओघळेपर्यंत, गाडी सपाट असताना.

हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत केबल नसली तरी हीच चूक वेगळ्या रूपात होते. मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला थोडी ढिलाई नसेल तर परतीचं भोक उघडत नाही, लाइनमध्ये दाब अडकून राहतो आणि जणू कुणी पेडलवर पाय ठेवलाय अशी स्लिप होते. जुना रबरी होस आतून फुगला तरी हेच: फ्लुइड जातं, परत येत नाही. ओळखायला सोपं आहे. स्लिप सुरू असताना गाडी उभी करून ब्लीड निपल किंचित उघडा. फ्लुइड चिळकांडी मारून आलं आणि त्यानंतर स्लिप थांबली, तर गिअरबॉक्स उतरवू नका. दोष पुशरॉड, मास्टर किंवा होस यांतच आहे.

पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं दुखणं उलटं असतं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरलेल्या भागांतल्या गाड्यांसारखी जिची प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते, तिचा क्लच सुटतच नाही. गिअरमध्ये टाकून हिसक्याने सोडवला की लायनरचे तुकडे निघतात, आणि मग स्लिप होते. अशी गाडी उघडूनच बघायची.

चढवल्यावर या वॅगन आरची पुन्हा तीच चाचणी घेतली, त्याच चढाला, चौथ्यात. ४० ते ७० पर्यंत प्रमाण कुठेही हललं नाही. तरी पहिले ३०० ते ५०० किमी वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर नको, सामान भरून गगनबावड्याचा घाट नको, आणि हाफ क्लचवर रांगणं नको. गळीत हंगामात हे शेवटचं फार अवघड जातं. उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे क्लच अर्धा दाबून सरकत राहण्यात शहाणपण नाही. थांबायचं, न्यूट्रल करायचं, जागा झाली की पहिल्यात पूर्ण क्लच सोडून निघायचं. ५०० किमीच्या आसपास फ्री प्ले परत मोजायचा, कारण लायनर बसल्यावर तो थोडा कमी होतोच. या गाडीत लिव्हरचा प्ले ३ चा २ वर आला होता, तो परत ३ केला. बेल हाउसिंगच्या भोकात टिश्यू पेपर फिरवला, कोरडा निघाला. पीसीव्ही व्हॉल्व्ह पुढच्या ऑइल बदलाला पुन्हा हलवून बघायचं मालकाला सांगितलं आहे.